पाच लाइनींचा बोर्ड

चाचणीचे साहेब येणार म्हणून दादांनी सकाळीच दाढी केली, आणि दादांनी दाढी केली हे बघून धाकट्यांनी इस्त्रीचा शर्ट काढला. या घरात कुठल्याही कामाचा श्रीगणेशा असाच व्हायचा. गच्चीवरची पाण्याची टाकी कुणाच्या डोक्यावर बसवायची यावरून दोघे भाऊ महिनाभर जिन्यात तोंड फिरवून चालले होते, तेव्हापासून एकानं भांग पाडला तरी दुसऱ्याला त्यात डाव दिसायचा. आता त्याच गच्चीवर सोलरची पॅनेलं उन्हाकडे तोंड करून बसली होती. खाली जिन्याच्या बोळात इन्व्हर्टर आणि बॅटरी भिंतीला लागली होती. आज एवढंच उरलं होतं की साहेबांनी सगळं चालवून बघायचं आणि घरातल्या कुणा एकाच्या ताब्यात द्यायचं.

कुणा एकाच्या! घोडं नेमकं तिथंच पेंड खात होतं.

स्वयंपाकघरात वहिनींनी चहाचं आधण ठेवलं होतं. दादांची बायको, घरातली थोरली सून. पण त्यांना सगळेच वहिनी म्हणत. दिरानं म्हणायचं ते ठीक आहे हो, पण जाऊ, आत्या, दूधवाला, समोरचा शिंपी, आणि घाईत असले की खुद्द दादासुद्धा! त्यांना त्यांच्या नावानं हाक मारणारं जगात एकच माणूस उरलं होतं, त्यांची मोठी बहीण. ती गावाबाहेर रोपवाटिका चालवायची. मागच्या आठवड्यात तिनं फोनवर सरळच विचारलं होतं, "माझ्याच्यानं आता एकटीनं होत नाही. येतेस का? पाहुणी म्हणून नको, अर्धी मालकीण म्हणून ये. कायमची ये. पण मला आज-उद्या करत बसू नकोस. शनिवारी संध्याकाळपर्यंत सांग, नाहीतर शेजारणीला विचारते."

आज शनिवार होता. जायचं हे वहिनींनी मनाशी पक्कं केलं होतं. घरात सांगायचं तेवढं राहिलं होतं. दोनदा त्यांनी तोंड उघडलंही होतं. एकदा दादांनी रिकामा कप पुढं केला, आणि एकदा आत्यांना नेमका ठसका लागला. आज साहेबांच्या निमित्तानं सगळे एका जागी येणार होते. आज सांगायचंच, म्हणत त्यांनी ट्रे उचलला.

साहेब म्हणजे चाळिशीचे, किडकिडीत, बोलायला तुटक. यंत्रांची त्यांना कधी भीती वाटली नव्हती, भीती वाटायची ती घरांची. यंत्र बिघडलं की लाल दिवा लावतं, घर लावत नाही. त्यांच्यामागं वायरमन उभा होता, पोट सुटलेला, गोड स्वभावाचा आणि आठवडाभर या घरातला चहा पिऊन पिऊन घरचाच झालेला. आज मात्र तो कुणाच्याही नजरेला नजर देत नव्हता.

"हे बघा," साहेबांनी भिंतीवरच्या लहान बोर्डावर बोट ठेवलं, "बाहेरची वीज गेली की सगळं घर बॅटरीवर चालणार नाही. या बोर्डावर ज्या लाइनी आहेत तेवढ्याच चालतील. तुम्ही पाच ठरवल्यात. बैठकीची खोली, तिघांच्या तीन खोल्यांचे दिवे-पंखे, आणि हा बोळातला फ्रीज. बरोबर?"

"बरोबर," दादा, धाकटे आणि आत्या एका दमात म्हणाले.

या घरात तिघं एका सुरात बरोबर म्हणाले की कुठंतरी पाणी मुरतंय हे ओळखावं. पण साहेब बिचारे नवीन होते.

"आता हे सगळं समजावून कुणाला देऊ? एकच माणूस हवा. त्यानं माझ्यासमोर स्वतःच्या हातानं बंद करून पुन्हा चालू करून दाखवायचं. त्याशिवाय आम्ही ताबा देत नाही."

"मला द्या," दादा पुढं झाले. "घरात मी थोरला."

"दादा, अरे, त्याचं अॅप माझ्या फोनमध्ये आहे," धाकटे म्हणाले.

"अॅप फोनमध्ये असेल. इन्व्हर्टर भिंतीवर आहे, आणि भिंत खालच्या मजल्यावर आहे."

"हो, आणि पॅनेलं माझ्या डोक्यावर आहेत!"

"भांडा, भांडा," आत्या स्टुलावर बसत म्हणाल्या. दोघांच्या वडिलांची ही धाकटी बहीण. मागच्या खोलीत राहायच्या आणि पुढच्या खोलीतलं सगळं ऐकायच्या. "तुमचा बाप असता तर त्यानं दोघांनाही हात लावू दिला नसता."

साहेबांनी घसा साफ केला. "ज्याच्या ताब्यात असेल त्याला कामंही करावी लागतील. आठवड्यातून एकदा पॅनेलं धुवायची, ऊन चढायच्या आत. गच्चीवर बादल्या न्यायच्या. कबुतरांची घाण नुसत्या पाण्यानं जात नाही, ओणवं होऊन फडक्यानं घासावी लागते. रोज आकडा बघायचा. आणि बोर्डानं मान टाकली तर जेवताना असा, झोपेत असा, उठून यायचं."

दादांचा हात आपोआप गुडघ्यावर गेला. धाकट्यांना ऑफिसातल्या बैठका आठवल्या. आणि मग टाकीच्या भांडणानंतर प्रथमच दोघा भावांचं एकमत झालं. "वहिनींना द्या," धाकटे म्हणाले, आणि "हो, ती घरातच असते," दादा म्हणाले.

वहिनी ट्रे घेऊन दारातच होत्या. आताच, असं म्हणून त्यांनी श्वास घेतला. "मला काय म्हणायचंय—"

"माझ्यात साखर कमीच आहे ना गं?" आत्या म्हणाल्या.

"आधी चाचणी करून घेऊ," म्हणत साहेबांनी मेन स्विच खाली ओढला.

घर क्षणभर गप्प झालं आणि लगेच पुन्हा बोलायला लागलं. बैठकीतला पंखा फिरला, फ्रीज घुरघुरला. धाकट्यांनी टाळी वाजवली. साहेबांच्या चेहऱ्यावरही हसू येऊ घातलं होतं.

"मी जरा हात धुऊन येतो," दादा म्हणाले.

"माझा चष्मा वर राहिला," म्हणत धाकटे जिना चढले.

"माझी गोळी राहिली घ्यायची," म्हणत आत्या मागं गेल्या.

तिघं गेले, आणि पाणी प्यावं एवढ्या वेळात इन्व्हर्टरनं टाहो फोडला. लाल दिवा लागला. पंखा थांबला, फ्रीज गप्प झाला. बैठकीतला दिवा गेला आणि बोळात अंधूक उजेड उरला.

"असं व्हायला नको," साहेब पुटपुटले. त्यांनी यंत्र पुन्हा चालू केलं. पुन्हा टाहो. दादा हात न भिजवता परत आले, धाकटे चष्म्याशिवाय आले, आत्या आल्या त्या गोळीचं नावही न काढता. तिघांनी एकदम विचारलं, "काय झालं हो?" आणि तिघांच्या तोंडावर इतकं भोळेपण होतं की साहेबांना पहिल्यांदा संशय आला. त्यांनी खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला आणि बोर्डाचं झाकण उघडलं.

वरच्या ओळीत पाच खटके होते. खालच्या ओळीत आणखी चार होते.

"हे काय आहे?" साहेबांनी वायरमनकडे पाहिलं.

वायरमनला घाम फुटला. "साहेब, माझा काय दोष? मी नाही नाही म्हणत होतो. पण एकेक जण हळूच यायचा. घरच्यांना सांगू नको, तेवढी माझी एक लाइन घे. आणि माणूस इतकं गोड बोलल्यावर, हातात कप असल्यावर, तुम्हीच सांगा, नाही कसं म्हणायचं?"

"कोण कोण आलं होतं?"

"दादांचा गिझर," वायरमन जमिनीकडे बघत म्हणाला. "वरचा एसी, तो धाकट्यांचा. आणि आत्याबाईंची विजेची शेगडी."

"शेगडी?" दादा उडालेच. "आत्या, तुझ्या खोलीत शेगडी आहे?"

"आणि तुला गिझर कशाला रे? काटक माणसानं गार पाण्यानं अंघोळ करावी, हे तूच मला ऐकवतोस ना?" आत्या म्हणाल्या. चोराच्या उलट्या बोंबा त्यांना उत्तम जमायच्या. "या घरात मला चहा मिळतो तो तुमच्या वेळेला. माझ्या वेळेला प्यायचा म्हणून ठेवलीय शेगडी. जीव घेतला का कुणाचा?"

"म्हणजे आत्ता तुम्ही तिघांनी तिन्ही वस्तू लावून पाहिल्यात," साहेब म्हणाले.

तिघं तीन भिंतींकडे बघायला लागले. अळीमिळी गुपचिळी.

"पाचाच्या जागी फार तर सहा चालतील. खालच्यातली एक ठेवा, बाकी काढा. कुठल्या काढायच्या, लवकर सांगा."

दुसऱ्या कुठल्याही घरात आता ओढाओढी सुरू झाली असती. साहेब त्यासाठीच सावरून उभे होते. पण इथं आत्यांनी एक दीर्घ उसासा सोडला आणि म्हणाल्या, "माझी काढ बाबा पहिली. माझं काय, आज आहे उद्या नाही."

दादा दचकले. आत्यांनी एकदा, फार पूर्वी, खिडकीजवळचा पलंग दुसऱ्याला सोडला होता. त्याची आठवण घराला अजून रोज जेवताना वाढली जायची. आता त्यात शेगडीची भर? "छे छे! तुझी राहू दे आत्या. माझा गिझर काढा. मी घेईन गार पाण्यानं."

"दादा, या वयात गार पाणी? उद्या तुला ताप आला की लोक माझ्या तोंडात शेण घालतील," धाकटे घाईनं म्हणाले. "माझा एसी काढा."

"म्हणजे तू रात्रभर तळमळणार आणि सकाळी जिन्यातून मला ऐकू जाईल असे सुस्कारे टाकणार. नको! एसी राहू दे."

"मी कधी सुस्कारे टाकले?"

"टाकीच्या वेळी!"

"टाकी मध्ये आणू नकोस हं दादा!"

साहेबांनी आजवर वस्तूंसाठी भांडणारी घरं पाहिली होती. वस्तू एकमेकांच्या गळ्यात बांधण्यासाठी भांडणारं घर त्यांनी आजच पाहिलं. इथं जो सोडेल तो जिंकणार होता, आणि दुसऱ्याला जिंकू द्यायची कुणाचीच तयारी नव्हती.

"पण चार आहेत ना?" दादांना एकदम सुचलं. "चौथी कुणाची?"

"ती स्वयंपाकघराची," वायरमन म्हणाला. "दोन दिवे, धूर ओढायचा पंखा, मिक्सर."

तिघांचाही जीव भांड्यात पडला. "मग आधी तीच काढा की!" दादा म्हणाले. "तिचं काय, तिला चालतं." "वहिनी काय, डोळे मिटूनही करतील," धाकट्यांनी कौतुकानं भर घातली. "आम्ही कंदिलावर केलाय स्वयंपाक," आत्या म्हणाल्या. अजून दोन काढायच्या उरतात हे कुणी मोजलंच नाही. भांडण मिटलं, सगळ्यांचे चेहरे उजळले, घर कसं गोकुळासारखं दिसायला लागलं. वहिनी दारातच होत्या. त्यांच्याकडे बघून तिघांनीही प्रेमानं मान हलवली.

"ती लाइन निघणार नाही."

हे धाकटी म्हणाली. धाकट्यांची ही बायको शाळेत गणित शिकवायची आणि घरातल्या भांडणांत सहसा पडायची नाही. तिचं म्हणणं असं, की ज्या गणिताला उत्तर नाही त्याला पेन्सिल लावू नये. थोरल्या जावेशी तिचं भांडण नव्हतं, तसं फार सूतही नव्हतं. आज शाळेला सुट्टी होती म्हणून ती जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसली होती.

"तुला काय करायचंय स्वयंपाकघर?" धाकट्यांनी चकित होऊन विचारलं. "तू जातेस कुठं तिथं?"

धाकटीनं नुसतं वहिनींकडे पाहिलं. मागच्या आठवड्यात कपडे काढायला ती गच्चीवर गेली होती, तेव्हा पॅनेलांच्या पलीकडे वहिनी फोनवर बोलत होत्या. आधी तिला ऐकू आलं ते त्यांचं हसणं. लग्न होऊन या घरात आल्यापासून वहिनींचं असं खळखळून हसणं तिनं कधी ऐकलं नव्हतं. मग शब्द ऐकू आले, आणि सगळं कळलं. तिच्या मनात पहिल्यांदा काय यावं? उद्यापासून स्वयंपाक कोण करणार! स्वतःचीच लाज वाटली तिला. पण लाजेनं पोट भरत नाही. ती खाली आली, चहाचा कप घेतला आणि वायरमनकडे गेली. नवऱ्याला मात्र तिनं अवाक्षर सांगितलं नाही. जी बातमी जिची, तिनंच ती द्यावी, एवढं तिला कळत होतं.

वायरमनला एवढं कुठलं कळायला? त्याला वाटलं, बाईंची बाजू घ्यावी. "अहो, ती लाइन धाकट्या बाईंनीच सांगितली होती. म्हणाल्या, वहिनी गेल्या की पुढं मलाच उभं राहायचंय तिथं."

"गेल्या की?" दादा म्हणाले. "कुठं गेल्या की?"

सगळे वहिनींकडे वळले. कुणाच्याही हातात रिकामा कप नव्हता. कुणाला ठसका लागला नाही.

"ताईकडे," वहिनी म्हणाल्या. आवाज त्यांना वाटला होता त्यापेक्षा मोठा निघाला. "ती मला रोपवाटिकेत अर्धी भागीदार करतेय. मी जातेय."

मेन अजून बंदच होता. पंखा नाही, फ्रीज नाही. त्यामुळं ऐकू आलं नाही असं म्हणायची सोय कुणालाच नव्हती.

"अगं, पण मग स्वयंपाक?" आत्या म्हणाल्या. बोलून गेल्यावर त्यांनाच कसंसं झालं, पण उचलली जीभ लावली टाळ्याला. निदान मनात होतं ते बोलल्या.

"वहिनी, आमचं काही चुकलं का?" धाकट्यांचा आवाज खरोखरच ओला झाला होता. "आम्ही तुम्हाला काही म्हटलं का?"

"नाही हो भाऊजी. तुम्ही मला कधीच काही म्हटलं नाहीत, विचारलंही नाहीत." वहिनींना राग आला होता आणि रडूही येत होतं, आणि दोन्ही एकदम येतं याचाही राग येत होता. "आत्ता लाइन काढायची वेळ आली तेव्हासुद्धा नाही. मी समोर उभी आहे. तुला चालेल का, एवढं विचारायला कुणाची जीभ झडली असती का?"

दादा भिंतीला टेकले. हिनं आपल्याला आधी का नाही सांगितलं, हा प्रश्न त्यांच्या ओठांवर आला, आणि तिथंच त्यांना आठवलं की परवा ती काहीतरी म्हणत होती आणि आपण कप पुढं केला होता. त्यांनी प्रश्न बदलला. "किती दिवस?"

"दिवस नाहीत. जातेय."

"आणि मी?"

हे त्यांनी इतकं हळू विचारलं की आत्यांनाही ऐकू गेलं नाही, आणि आत्यांना ऐकू न जाणं ही या घरात लहान गोष्ट नव्हती.

"यायचं असेल तर या. ताई नाही म्हणणार नाही. पण तिथं आयतं बसता येणार नाही, हातात पाण्याचा पाइप धरावा लागेल."

दादांनी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते त्यांनाही माहीत नव्हतं. मग ते वायरमनला म्हणाले, "गिझर काढ." पुढं भाषण येईल म्हणून सगळे थांबले. आलं नाही. भाषणाविना केलेला त्याग या घरात पहिलाच. त्याला तोंड कसं द्यायचं हे धाकट्यांना कळेना. शेवटी तेही म्हणाले, "एसीपण काढ."

"माझीही काढ," आत्या म्हणाल्या. "पण लक्षात ठेवा, मी काढू दिली."

"ताबा कुणाला?" साहेबांनी विचारलं. सवयीनं सगळ्यांच्या माना वहिनींकडे वळल्या आणि अर्ध्यातून माघारी आल्या.

"मला द्या," धाकटी पायरीवरून उठली. "चालू-बंद मी बघेन. पॅनेलं हे दोघं भाऊ धुतील. आळीपाळीनं. म्हणा."

"काय म्हणा?" धाकटे म्हणाले.

"धुऊ म्हणा. साहेबांसमोर."

"धुऊ," दोघे भाऊ म्हणाले, शाळेत म्हणतात तसं.

वायरमननं तीन लाइनी काढल्या. धाकटीनं साहेब सांगतील तसं सगळं बंद केलं आणि पुन्हा चालू केलं. एकदा चुकली, दुसऱ्यांदा जमलं. पंखा फिरला, फ्रीज घुरघुरला, स्वयंपाकघरात दोन्ही दिवे लागले. इन्व्हर्टरनं हूं की चूं केलं नाही. साहेबांनी बाहेरची वीजही परत जोडली आणि ते पिशवी आवरायला लागले. वायरमननं सवयीनं स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. वहिनी जागच्या हलल्या नाहीत. त्या आत्यांच्या स्टुलावर बसल्या होत्या.

मग दादा आत गेले. आतून डबे उघडल्याचे आवाज आले, झाकणं पडल्याचे आवाज आले, "आई गं!" असंही एकदा ऐकू आलं. वहिनींनी दोनदा उठायचं मनात आणलं आणि दोनदा स्टुलाची कड घट्ट धरली. साहेबांना पुढच्या घरी जायचं होतं, पण काय होतंय ते बघितल्याशिवाय त्यांचाही पाय निघेना.

दादा बाहेर आले ते एकच कप घेऊन. बशीत अर्धा सांडलेला. तो त्यांनी साहेबांना दिला नाही, आत्यांनी हात पुढं केला तरी आत्यांना दिला नाही. वहिनींसमोर धरला.

वहिनींनी घोट घेतला. पाणचट, करपट आणि बिनसाखरेचा. या घरात दुसऱ्याच्या हातचा चहा त्या पहिल्यांदाच पीत होत्या. दादांच्या बोटाला चटका बसला होता. ते बोट पाठीमागं लपवून उभे होते.

"बरा झालाय?" त्यांनी विचारलं.

"वाईट झालाय," वहिनी म्हणाल्या आणि त्यांचे डोळे भरून आले. त्या चिडल्या, स्वतःवरच. इतक्या वर्षांत जे कशानं झालं नव्हतं ते या एवढ्याशा घाणेरड्या चहानं होऊ घातलं होतं. राहावंसं वाटायला लागलं होतं.

त्यांनी कप संपवला, सगळा. मग उठून सरळ गच्चीवर गेल्या, पॅनेलांच्या पलीकडे उभ्या राहिल्या आणि बहिणीला फोन लावला.

"अगं, संध्याकाळपर्यंत वेळ दिला होता ना मी तुला?" ताई म्हणाली. "एवढी घाई कसली?"

"मी येतेय, ताई. आत्ताच सांगून टाकते," वहिनी डोळे पुसत म्हणाल्या. "संध्याकाळपर्यंत थांबले, तर यांना चहा जमायला लागेल."